हात नसलेल्यांनी बिलगावं कसं

माणूस नसलेल्या जगांवर कथा लिहिणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे. एका कथास्पर्धेची परीक्षक म्हणून मी लागोपाठ चार वर्षं असल्या कथा वाचल्या, आणि दर वेळी निकाल लावून झाला की काही दिवस मला कुणाशी बोलवत नसे. एका कथेत समुद्रतळाशी राहणारा मत्स्यराजा काळजीनं घामाघूम झाला होता. दुसरीत नागलोकाच्या सेनापतीनं लढाईसाठी कंबर कसली होती. सापाची कंबर नेमकी कुठून सुरू होते, ते लेखकानं सांगितलं नव्हतं. तीन सूर्य असलेल्या एका ग्रहावर सगळे जण सोमवारी कामावर रुजू होत. आणि पृथ्वी सोडली की जीव आपोआप संस्कृत बोलायला लागतो, अशी या मंडळींची पक्की समजूत असावी. झाडं एकमेकांना 'हे वत्सा' म्हणायची आणि दगड 'तथास्तु'.

मी नागपूरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं मराठी शिकवलं. व्युत्पत्ती हा माझा विषय. शब्द कुठून आला हे मला ठाऊक असतं आणि समोरच्याला नसतं, यातला आनंद मी आयुष्यभर पुरवून पुरवून घेतला. निवृत्त झाल्यावर मनीषनगरात फ्लॅट घेतला, कोश आणून भिंतीला लावले आणि लोकांच्या चुका काढायला पूर्ण वेळ मोकळी झाले.

एका रविवारी शहरातल्या एका साहित्य मंडळात मला याच विषयावर बोलायला बोलावलं. साठ खुर्च्या, त्यातल्या पंचवीस भरलेल्या. त्यातही निम्मे लोक नंतरच्या समोशासाठी आलेले. मी सूत्र मांडलं: ज्या जगात जी वस्तू नाही, त्या जगात त्या वस्तूच्या पोटी जन्मलेला शब्दही चालणार नाही. मग एकेक उदाहरण काढलं. 'गोष्ट' हा शब्द 'गोष्ठी'वरून आला आणि गोष्ठ म्हणजे गाईंचा गोठा. तुमच्या ग्रहावर गाय नसेल तर तिथं कुणी गोष्ट सांगू शकत नाही. 'प्रवीण' म्हणजे मुळात वीणा छान वाजवणारा. 'कुशल' म्हणजे हात न कापता कुश नावाचं धारदार गवत उपटून आणणारा. 'तेल' तिळातून आलं. वहीचं 'पान' झाडावरून आलं. सभागृहात 'अरे वा' 'अरे वा' सुरू झालं. मराठी माणसाला व्युत्पत्ती सांगितली की जादूचे प्रयोग पाहिल्यासारखा आनंद होतो. एकालाही उठून विचारावंसं वाटलं नाही की बाई, तुमच्या घरी जवसाचं तेल आणतात तेव्हा तुम्ही त्यात तीळ शोधता का. विचारलं असतं तर मी त्याला तिथंच झोपवला असता, ते वेगळं.

कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ पुढे आले. उंच, हडकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात सगळी नोकरी काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. माझं भाषण त्यांनी खिशातल्या डायरीत शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं. पिशवीतून त्यांनी झेरॉक्सचा जाडजूड गठ्ठा काढला.

"मॅडम, मी एक कादंबरी लिहिली. राखेत राहणाऱ्या जीवांची. तुमी आज सांगितलं ते मले काहीच मालूम नव्हतं. एकडाव पाहून देसान का? तुमी हो म्हटलं तर छापतो. नाही म्हटलं तर नाही छापत."

मी गठ्ठा घेतला. खरं सांगायचं तर मजा येईल म्हणून घेतला.

कादंबरी अशी होती. कोळसा जळल्यावर उरलेली राख पाण्याबरोबर वाहून जिथं साठवतात, त्या तळ्याच्या तळाशी कोमट राखेत काही जीव राहतात. लेखकानं त्यांना 'राखोळे' म्हटलं होतं. त्यांना हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत. एकमेकांना ते उबेवरून ओळखतात. एखादा थंड पडायला लागला की बाकीचे पाळीपाळीनं त्याच्यावर जाऊन बसतात आणि आपली ऊब त्याला देतात. ज्याची पाळी चुकते त्याला कुणी रागवत नाही, पण त्याच्याशी कुणी बोलतही नाही. हे सगळं त्या गृहस्थांनी घरात बोलतात तशा भाषेत लिहिलं होतं. एक उतारा मला अजून पाठ आहे.

"म्हातारा राखोळा थंडा पडून राहिला, तशे सगळे धावत आले अन् त्याले बिलगले. कोणीच काही बोललं नाही. बोलाची गोष्टच नव्हती."

मी 'धावत'भोवती लाल गोल काढला: पाय नाहीत. 'गोष्ट'भोवती गोल काढला: गाय नाही. 'बिलगले'भोवती दोन गोल काढले आणि समासात लिहिलं, 'हात नसलेल्यांनी बिलगावं कसं?' ते वाक्य मला इतकं आवडलं की मी ते स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. महिनाभर हा माझा चहाच्या वेळचा कार्यक्रम झाला. मी उतारा वाचायची, त्यातल्या शब्दांची पिसं काढायची आणि स्वतःच हसायची. नवरा बिस्किट बुडवत ऐकायचा. एकदा त्यानं विचारलं, "पण त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं?" मी म्हटलं, तू एक साहित्यात अडाणी आहेस, आणि पान उलटलं.

महिन्यानं ते गृहस्थ आले तेव्हा गठ्ठा लाल झाला होता. मी त्यांना समोर बसवून दोन तास एकेक शब्द सोलला. ते मान खाली घालून लिहून घेत होते. मध्येच म्हणाले, "मॅडम, हे शब्द काढले तर मंग लिहू कशात?" मी कपाटातला जुना पारिभाषिक कोश काढून त्यांच्या हातात ठेवला. सरकारी कचेऱ्यांसाठी कधीकाळी तयार केलेला तो कोश मी स्वतः वीस वर्षांत उघडला नव्हता, कारण त्यातलं मराठी वाचून माझेच दात आंबतात. पण त्यातले शब्द कोरे होते. त्यांना गाय, गवत, वीणा, काहीच चिकटलेलं नव्हतं. कुणी कधी वापरलेच नव्हते तर चिकटणार काय?

"घरी वाचून दाखवता का कुणाला?" जाता जाता मी सहज विचारलं.

"मिसेसले दाखवतो."

"मग त्यांच्यासाठी लिहू नका. त्यांना काय समजणार त्यातलं? वाचकासाठी लिहा."

ते हो म्हणाले. तेही त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

इथं मला त्या माणसाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तेव्हा कळली नाही. आमच्यातला कुणी लेखक असता तर त्यानं माझे गोल पाहिले असते, मनातल्या मनात मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि दहातले आठ शब्द तसेच ठेवले असते. लेखक लोकांची हीच रीत असते, आणि परीक्षकही ते गृहीत धरूनच गोल काढतो. हा माणूस तीस-पस्तीस वर्षं वीज केंद्रात नोकरी केलेला. तिथं वरच्यानं लिहिलेली सूचना सूचना नसते, आदेश असतो. मी मिरवण्यासाठी काढलेला गोल आणि खरा गोल यांतला फरक त्याला दिसणं शक्यच नव्हतं. त्यानं प्रत्येक गोलाचं पालन केलं.

चार महिन्यांनी नवी प्रत आली. तोच उतारा आता असा झाला होता:

"वृद्ध भस्मजीवाचे तापमान न्यून होताच सर्व घटक त्याच्या दिशेने सरकले व त्याच्या पृष्ठभागास संलग्न झाले. ध्वनिनिर्मिती झाली नाही. तिचे प्रयोजन नव्हते."

मी पहिली वीस पानं वाचली, मग मधली दहा, मग शेवट. कुठंही चूक नव्हती. एकाही वाक्यात गाय नव्हती, हात नव्हता, सूर्य नव्हता, आणि तो म्हाताराही नव्हता. राख होती फक्त. मला तेव्हाच आतून काहीतरी टोचलं, हे मी नाकारत नाही. पण माझं सूत्र पहिल्यांदाच कुणीतरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाळलं होतं, आणि त्याचा मोह मोठा होता. मी प्रस्तावना लिहिली. 'मराठीत मानवेतर सृष्टीच्या भाषेचा इतका काटेकोर विचार प्रथमच' असं त्यात म्हटलं. पाच पानांच्या प्रस्तावनेत चार पानं मी माझ्याबद्दल लिहिलं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी दुपारी दारावरची बेल वाजली. बाहेर एक साठीच्या बाई उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, हातात कापडी पिशवी. खापरखेड्याहून दोन बस बदलून एकट्या आल्या होत्या. लेखकाच्या पत्नी. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बसल्या, पाणी प्यायल्या आणि एकदम मुद्द्यावर आल्या.

"बाई, त्यायनं आता मले वाचून दाखवणं बंद केलं. एकडाव दाखवलं. मले आयकू येऊन राहिलं, पण त्यात कोणीच दिसून नाही राहिलं. आमच्यावाले राखोळे गेले कुठं?"

'आमच्यावाले' हा शब्द मला खटकला. मी विचारलं, तुमचे कसे?

तेव्हा कळलं ते असं. बाईंचं माहेर भिवापूर. तिथं मिरचीचे ढीग लावून बाया ओळीनं देठ खुडायला बसतात, त्या जागेला सातरा म्हणतात. लग्नाआधी बाई सातऱ्यावर जायच्या आणि लग्नानंतरही हंगामात माहेरी गेल्या की जायच्या. नवरा पाळी संपवून घरी आला की त्या विचारत, आज काय पाहिलं. तो दमलेला माणूस रोज काय सांगणार? एकदा म्हणाला, राखेत कोणीतरी राहते. तिथून सुरुवात झाली. त्यानं सांगितलेलं बाई सातऱ्यावर नेत, तिथल्या बाया पुढचं विचारत, आणि बाई ते प्रश्न घेऊन परत येत. राखोळ्यांना डोळे नाहीत, हे बाईंचं. कारण मिरचीच्या खकाण्यानं सातऱ्यावर डोळे उघडवत नाहीत, बाया डोळे मिटून बोटांनीच देठ शोधतात, आणि शेजारी कोण बसलंय ते तिच्या अंगाच्या उबेवरून ओळखतात. थंड पडलेल्यावर पाळीपाळीनं बसायचं, हेही तिकडचंच. सातऱ्यावर एखादीला ताप भरला की बाकीच्या तिच्या वाटची मिरची खुडून टाकत, आणि जी खुडत नसे तिच्याशी कुणी बोलत नसे.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झालीच. म्हटलं, अहो, पण त्यांना हात नाहीत ना. मग ते बिलगणार कसे?

बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की तशी नजर मी आयुष्यभर इतरांवर टाकत आले.

"तुमाले लेकरं नाहीत काय, बाई? लेकरू झोपेत बिलगते तवा त्याच्या हातात काय जोर असते? सगळं आंगच बिलगते. हात तं बाजूलेच पडून राहते."

बाई पुढे म्हणाल्या, "त्यायले तुमच्या शब्दावर भरोसा आहे. माह्या नाही. तुमी येऊन म्हणा का चुकलं. तुमी म्हटलं तर ते पहिल्यासारखं करतीन. छापाले जायच्या आत या."

त्या गेल्यावर मी कोश उघडला. 'बिलगणे' मुळात 'विलग्न'वरून. धातू लग्, चिकटणे. 'संलग्न'मध्येही तोच धातू. म्हणजे त्या शब्दात हात कधी नव्हताच. माझ्याच सूत्रानं तो शब्द चालण्यासारखा होता आणि मी कोशाला हात न लावता त्याच्यावर दोन लाल गोल काढले होते, कारण मला समासातलं ते वाक्य लिहायचं होतं. एकतीस वर्षं मी पोरांना अशा उथळपणाबद्दल वर्गाबाहेर काढलं होतं. मला स्वतःची किळस आली. पण त्याहून मोठी चूक कोशात सापडणारी नव्हती. 'गोष्ट' या शब्दात गाय आहे, ती कोश लिहिणाऱ्यासाठी. बोलणाऱ्यासाठी ती कधीच गोठा सोडून गेली. शब्दांना विसरता येतं म्हणून तर ते राखेच्या तळाशी, समुद्राच्या तळाशी, कुठंही राहायला जाऊ शकतात. जे शब्द काहीच विसरलेले नाहीत, कारण त्यांना आठवायलाच काही नाही, ते मी त्या माणसाच्या हातात दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी खापरखेड्याला गेले. मी स्वतःहून कुणाच्या घरी चूक कबूल करायला गेल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही. गृहस्थांना इतका आनंद झाला की त्यांनी आत जाऊन सदरा बदलला. टेबलावर मुद्रितं पडली होती. वर माझी प्रस्तावना, खाली कादंबरी.

मी वेळ न घालवता म्हटलं, "माझं चुकलं. तुमची आधीची प्रत बरोबर होती. ती छापा."

ते हसले. हात जोडले. "मॅडम, हा तुमचा मोठेपणा आहे."

"मोठेपणा नाही, खरंच चुकलं. 'बिलगले' शब्दात हात नाहीच. मी कोश न पाहता खूण केली."

"पाहा, मोठे लोक असे असते," ते कौतुकानं म्हणाले. "आपल्याच चुका काढते."

मी तेल सांगितलं, जवस सांगितलं. गाय गोठ्यातून कशी निघून गेली ते सांगितलं. त्यांनी शांतपणे डायरी उघडली आणि माझ्याच भाषणातून माझे मुद्दे खोडून काढले. प्रत्येक वेळी 'तुमीच म्हटलं होतं' असं अगदी आदरानं म्हणायचे. माझं सूत्र त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. वसाहतीतल्या निवृत्त लोकांच्या बैठकीत त्यांनी त्यावर दोनदा भाषणही दिलं होतं. मी माझा आवाज माझ्याच समोर बसून ऐकत होते आणि तो किती पोकळ, किती स्वतःवर खूष आवाज आहे, ते मला पहिल्यांदा कळत होतं.

शेवटी मी म्हटलं, "निदान बाईंना विचारा. निम्मी कादंबरी त्यांची आहे."

बाई तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"तिले काय समजते त्यातलं?" ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून हसले. जाणकार माणसानं दुसऱ्या जाणकाराकडे पाहून हसावं तसं.

बाईंनी कप ठेवले. साखर वेगळी ठेवली. आत निघून गेल्या. मी त्यानंतरही बराच वेळ बोलत राहिले, आवाज चढवूनही बोलले, पण ते मान डोलावत ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयीचा आदर वाढतच चालला होता. मुद्रितं दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात गेली.

फाटकापर्यंत बाई सोडायला आल्या. त्यांनी हळूच विचारलं, "म्हटलं ना तुमी?"

"म्हटलं."

"तीनदा म्हटलं. मी आतून आयकलं."

"पण त्यांनी ऐकलं नाही," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

बाईंनी फाटकाची कडी काढून धरली.

"आयकतीन कसे, बाई? शिकले ना ते आता."